देवाच्या नावावर घातलेली मुलगी

आमचे हे दशावतारी कंपनीत संकासुराचं काम करत. काळा अंगरखा, काळा टोप आणि लोंबती लाल जीभ घालून लोकांना हसवणारा तो राक्षस. दिवाळी झाली की कंपनी जत्रा करत गावोगाव फिरायची आणि पावसाच्या तोंडाला हे घरी यायचे. मग चार महिने आमच्या पडवीत संकासूर बसलेला असे. काही सरळ विचारावं तर सरळ उत्तर मिळायचं नाही. "तांदूळ संपले" म्हटलं तर म्हणायचे, "मेल्यांका एवढ्या घाईन खंय जावचा होता?" ऐकणारे हसत. मी चूल पेटवायची ती पेटवतच असे.

गोवा सुटला त्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. भाताची लावणी आटोपली होती. आत घाटाकडच्या गावची एक बाई आठ-नऊ वर्षांची मुलगी घेऊन दारात आली. दोघी गुडघ्यापर्यंत चिखलात. हे पडवीत शेजारच्या दोघांना जत्रेतल्या गमती सांगत बसले होते.

बाई म्हणाली, "माका वळाखलात?"

"माका गावागावात लोक वळाखतत," हे म्हणाले. "मी कोणाकोणाक वळाखू?"

शेजारी हसले. बाई हसली नाही. तिने मुलीला पुढे केलं आणि माझ्याकडे बघून बोलली.

"ह्या तुमच्या घोवाचा चेडू. कंपनी आमच्या गावाक येय तेवा माझ्या भयणीकडे तेंचा बिऱ्हाड आसायचा. मगे कंपनी येवक बंद झाली आणि भयणीन निरोप काय धाडूक नाय. ती वैशाखात गेली. माझो घोव आता हेका घरात घेणा नाय."

शेजारी उठून गेले. यांचं तोंड उघडंच राहिलं. यांना खरंच ठाऊक नव्हतं, एवढं मला तेव्हाच कळलं, कारण यांना खोटं तोंड करता येतं ते मी इतकी वर्षं पाहिलं होतं, आणि हे तोंड त्यातलं नव्हतं.

मी दोघींना पाय धुवायला पाणी दिलं आणि पानं वाढली. मुलगी जेवायला बसली. भाताच्या मधोमध खळगा करून तिने आमटी घातली आणि कडेने पांढऱ्या भाताचा बांध शेवटपर्यंत शाबूत ठेवला. हे असेच जेवतात. माझ्या दोन्ही मुली सगळा भात एकदम कालवतात. मी यांच्याकडे पाहिलं. हे वर वाशांकडे बघत होते.

बाई मुलीला ठेवून संध्याकाळच्या आत परत गेली. मी यांना विचारलं, "ह्या चेडू तुमचा मा?"

"तुका काय वाटता?"

"माका काय वाटता ता इचारूक नाय मी. तुमी सांगा."

"देवाक इचारतंय," हे म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून देवळात गेले. कौल घ्यायला.

आमच्याकडे गाय हरवली, सोयरीक जुळवायची झाली, वाटणीवरून भांडण झालं की देवाला कौल लावतात. गुरव ओल्या पाषाणावर पाकळ्या लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण आपण केलेलं देवाला विचारायला कुणी गेल्याचं मी ऐकलं नव्हतं. शिवाय यांनी तेही विचारलं नाही. चेडू माझा काय, असं न विचारता हे विचारून आले, की चेडू माझ्या घरात रवाचा काय. उजवी पाकळी पडली.

हे घरी आले ते दोन्ही हात वर करूनच. "देवाचो हुकूम झालो."

"देवान हुकूम केल्यान. तुमी काय केलास ता सांगा."

"आता देवाच्या पुढे मी काय बोलू?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या गेलेल्या बाईचा राग आला नाही असं नाही. पण गेलेल्या माणसाशी भांडायचं कसं? आणि जो समोर होता तो देवाच्या मागे जाऊन बसला होता.

मुलगी राहिली. गावात बातमी झाली ती अशी, की संकासुराच्या दारात देवाने पोरकं पोर आणून सोडलं आणि त्याने ते ठेवून घेतलं. आचऱ्याच्या बाजारात बायका मला सांगत, "तुझो घोव म्हंजे देवमाणूस गो." मी बांगडे निवडत राहायची. घरी हे त्या मुलीला "काका म्हण" सांगत. ती काकाही म्हणत नसे आणि दुसरं काहीही म्हणत नसे. यांना काही सांगायचं झालं तर जवळ जाऊन उभी राही. एकदा परसात कपडे वाळत घालताना तिने मला विचारलं, "माझी आवस म्हणायची, माझो बापूस लोकांका हसवता. तो ह्योच काय?"

मी म्हटलं, "तेणीच सांगूक व्हया तुका."

"कधी सांगतले?"

मी हातातलं लुगडं परत एकदा पिळलं.

चतुर्थी आली. आमच्या चार घरांचा गणपती एकच, थोरल्या दिरांकडे. पूजा झाली की पुरुष हात जोडून उभे राहतात आणि एकजण गाऱ्हाणं घालतो. मान थोरल्या दिरांचा, पण जीभ यांची चालते म्हणून दरवर्षी तेच घालत. प्रत्येक मागण्याला बाकीचे "व्हय महाराजा" म्हणतात. बायका आतल्या दारात उभ्या असतात, त्या बोलत नाहीत. मी तर दिरांसमोर कधी तोंडच उघडलेलं नव्हतं.

यांनी आवाज लावला. "बा देवा महाराजा, ह्या चार घरांची लेकरां आज तुझ्या पायाकडे जमली आसत."

"व्हय महाराजा."

"चूकमाक झाली आसात ती पोटात घाल."

"व्हय महाराजा."

"माझ्या दोन चेडवांचा बरा कर."

"व्हय महाराजा."

"आणि परक्याचा पोर तुझ्या हुकमान माझ्या दारात इला, तेकाव सांभाळ."

"नाय महाराजा," मी म्हटलं.

ते मीच बोलले हे मला जाऊबाईंनी माझा दंड धरला तेव्हा कळलं. पुढच्या सगळ्या माना मागे वळल्या. मुलगी माझ्या मुलींच्या मध्ये उभी होती, तीही वळली.

"दार वाजला वाऱ्यान," हे म्हणाले. एक पुतण्या हसला, पण थोरले दीर हसले नाहीत.

"गाऱ्हाण्यात 'नाय' इला," ते म्हणाले. "मोडला ता. आता परत पयल्यापासून घाल. आणि खरा घाल."

यांनी घसा खाकरला. टॉवेलाने तोंड पुसलं. एवढ्या जत्रांत उभं राहिलेल्या माणसाने परत सुरुवात केली ती अशी, की मागच्या पुतण्याला ऐकू जाईना. चूकमाक पोटात घालून झाली. सगळे जोडलेले हात तसेच थांबले.

"माझ्या तीन चेडवांचा बरा कर."

"व्हय महाराजा," थोरले दीर एकटेच बोलले, आणि मग बाकीचे.

त्यातूनही यांनी काय केलं म्हणाल, तर पुढच्या हंगामात संकासुराच्या तोंडी तेच घातलं. देवासमोर गाऱ्हाणं, आणि मागून बायको म्हणते नाय महाराजा. लोक पोट धरून हसले म्हणे. बाजारात अजून कुणी ना कुणी मला ते ऐकवतं आणि माझी मान खाली जाते. यांना त्याचं काहीच नाही.

पण चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी न्हाणीतून पडवीत गेली आणि यांच्यासमोर उभी राहिली. जवळ जाऊन गप्प नाही, चांगली दोन हात लांब.

"बाबा, पाणी तापला."

हे मागे वळून बघायला लागले. मागे भिंत होती.

"बाबा, पाणी तापला," ती परत म्हणाली, आधीपेक्षा मोठ्याने.

"तुमकाच सांगता ता," मी आतून म्हटलं. "उठा आता."