उडू पाहणारं छत

"मालक, साऱ्यायले खाली बोलवा! छत उठून राहिलं जी!"

माझा मुकादम श्रावण वरून ओरडला. मे महिन्यातलं वादळ सुटलं होतं. नागपूरला जुन्या विमानांचं म्युझियम उभं राहत होतं. त्याचं लोखंडी काम माझं. गांधीबागेत दुकानांच्या ग्रिल वेल्ड करत मी इथवर आलो होतो.

माणसं भराभर उतरली. मी पुढच्या खांबाच्या बेस प्लेटवर, म्हणजे तळाच्या जाड लोखंडी पाटीवर, हात ठेवला. पाटी काँक्रीटवरून सूतभर वर गेली आणि परत बसली. आयुष्यभर मी छत पडू नये म्हणून राबलो. हे छत वर जायला निघालं होतं! मी घाबरायचं विसरून बघत राहिलो.

आर्किटेक्टसाहेब मुंबईचे. त्यांनी छताला विमानाच्या पंखाचा आकार दिला होता. पुढची कड अधांतरी, तिच्या मागे आधाराला दोनच खांब. कागदावर ती शोभा होती. वाऱ्याला तो खराच पंख वाटला.

दुसऱ्या दिवशी साहेब साइटवर आले, तेव्हा मी म्हणालो, "पुढच्या कडेला आठ खांब द्या."

"एकही नाही. आत येणाऱ्याला आपण उडतोय असं वाटलं पाहिजे."

"साहेब, छतच उडून राहिलं! माझी अकरा माणसं होती वर!"

"आवाज खाली ठेवा."

"तुम्ही छत खाली ठेवा, मग मी आवाज ठेवतो."

खरं तर मला चार आधार पुरत होते. आठ मागितले ते घासाघीस होणार म्हणून. पण हा माणूस शून्यावरून हलेना. शेवटी मी त्यांना शेजारच्या शेडमध्ये नेलं. तिथे म्युझियमसाठी आणलेलं, एकावर एक दोन पंखांचं जुनं विमान होतं. पंखांमध्ये तिरप्या तारा ताणलेल्या.

"खांब नकोत. अशा तारा द्या. छताच्या कडेपासून जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यापर्यंत."

साहेब बराच वेळ तारेवर बोट फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "चार. तिरप्याच."

पुढच्या वादळात मी आणि श्रावण मुद्दाम आत उभे राहिलो. चारही तारा ताणल्या गेल्या आणि घुमू लागल्या. तो आवाज छातीत जाणवत होता. बेस प्लेट केसभरही हलली नाही.

"मालक, हे तं उडूनच राहिलं," श्रावण कुजबुजला, "फक्त जात नाही."

आज गाईड लोकांना सांगतो, त्या तारा म्हणजे साहेबांची कल्पना. उद्घाटनाच्या कोनशिलेवर नावही त्यांचंच. घासाघीस मी तारांची केली. कोनशिलेवरच्या नावाची करायला हवी होती, तीही छत हलत होतं तेव्हाच.