माझी परदेशी मुलगी

लेक पहिलीत गेली त्या वर्षी मला कळलं, की कायद्याच्या दृष्टीनं माझ्या घरात एक परदेशी नागरिक राहते.

तिचा जन्म अमेरिकेतला. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर मी तिला घेऊन परत आले, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी धरली आणि एचएसआर लेआउटमध्ये भाड्यानं राहू लागले. तिच्या व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा ती वाढवायला वडिलांची लेखी संमती हवी, असं परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयातून उत्तर आलं. तो तिकडेच होता. मी ईमेल पाठवत राहिले, तो गप्प.

ऑफिसातल्या मैत्रिणीनं एका वकीलबाईंचा नंबर दिला. शाळेला सुट्टी होती म्हणून लेकीलाही सोबत नेलं. माझं आडनाव ऐकताच बाई मराठीत बोलू लागल्या. पण ती मराठी मी पुण्यात कधी ऐकली नव्हती. ‘बरं’ऐवजी ‘सरी’, ‘जरा थांबा’ऐवजी ‘स्वल्प थांबा’, आणि हेल सगळा कन्नड.

“तुम्ही मूळच्या कुठल्या, मॅडम?”

“अक्का म्हण. आमी इथलेच. आमचे लोक तीन-चारशे वर्षांमागं आले.”

लेकीनं लगेच विचारलं, “मग तुम्हाला व्हिसा नाही लागला?”

अक्का मनापासून हसल्या. “तेव्हा विचारणारं कोण होतं, पुट्टी!”

मग त्यांनी माझी सगळी हकीकत ऐकून घेतली. मला वाटलं होतं, आता नोटीस काढू म्हणतील. त्यांनी मात्र विचारलं, “तो सही का करत नाही?”

“मला त्रास द्यायला.”

“असं तो म्हणाला?”

म्हणाला नव्हता. मी तसं धरूनच चालले होते. खरं कारण काय असेल, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात आला, आणि मग काही केल्या जाईना.

अक्कांनी माझ्यासमोरच त्याला फोन लावला, स्पीकर चालू आहे हेही सांगितलं. लेक बाहेर व्हरांड्यात मांजराशी खेळत होती. आधी तो तुटक बोलला. मग म्हणाला, “मी सही केली की मुलगी कायमची तिची, असंच ना? उद्या मला भेटूही दिलं नाही तर?”

अक्का शांतपणे म्हणाल्या, “नाही हो. ही संमती फक्त तिच्या इथं राहण्यापुरती. ताब्याचा काही संबंध नाही. पाहिजे तर तसं वाक्यच घालते त्यात.”

मग त्यानं विचारलं, “ती आहे का तिथे?”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी लेकीला हाक मारली.

त्याच आठवड्यात सही केलेली संमती आली, आणि पुढे काही दिवसांनी मुदतही वाढून मिळाली. पण ही वाढ तात्पुरतीच. तिला इथं कायम राहता यावं म्हणून आता भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डासाठी अर्ज करायचा आहे आणि त्यालाही दोघांच्या सह्या लागतात. या वेळी मी ईमेल लिहीत बसले नाही. सरळ फोन लावला आणि आधी विचारलं, “तुला यात काही शंका आहे का?”

होत्या. बऱ्याच होत्या. एकेक करून ऐकल्या.