कळंब्याच्या गाडीवरचं मंचाव सूप

तापल्या तेलात आलं-लसूण पडल्याचा वास आला, की मला कळंब्याच्या रस्त्यावरची ती चायनीजची गाडी आठवते. आईची केमो संपून दोन महिने झाले होते, तरी तिच्या तोंडाला चव परतली नव्हती. तांबडा रस्सासुद्धा तिला नुसत्या गरम पाण्यासारखा लागायचा. एका संध्याकाळी तीच म्हणाली, "चायनीज तरी खाऊन बघूया की." मी तिला स्कूटरवर बसवून उपनगरात फिरवलं. तीन गाड्यांवर लाल रंग आणि शिळं तेल बघून आम्ही तसेच पुढं गेलो. चौथ्या गाडीवर एक बाई समोरच भाज्या चिरत होती. आईच्या डोक्यावरचा रुमाल बघून ती म्हणाली, "बसा मावशी, ताजं सूप करून देतो." आईनं फुंकर घालत तीन-चार चमचे घेतले आणि थांबून त्या बाईला म्हणाली, "मीठ कमी हाय गं." बाई ओशाळून मिठाची बरणी आणायला वळली. मी मात्र तोंड फिरवून डोळे पुसले, कारण कित्येक महिन्यांनी आईला मीठ कळलं होतं. परवा तिनं माझ्या आमटीलाही नावं ठेवली, आणि मी आनंदानं दुसरी फोडणी दिली.