तिजेच्या वाटेवर रास्ता रोको

आमच्या घरी देश रोज सकाळी चहाबरोबर मोडतो. मोडणारा माझा नवरा. खत वेळेवर येत नाही, हायवेचा पूल अर्धवट पडून आहे, दिल्लीतलं सरकार झोपलेलं आहे, म्हणून प्रत्येक राज्यानं आपापला देश करावा, असं त्याचं ठाम मत. "एवढा मोठा कारभार कोणाच्यानं होऊन राहिला? ज्याचं त्याले देऊन टाका," म्हणतो. सरकार झोपलंय, याबद्दल माझं दुमत नाही. पण त्याचं औषध ऐकलं की माझं डोकं फिरतं.

माझं माहेर आमच्या देवरीहून बसनं तासाभरावर, बाघनदीपलीकडे छत्तीसगडात. तिकडेही धान, इकडेही धान. तरी लग्न होऊन आले आणि माझा जातीचा दाखला इथे चालेना. "तुम्ही परराज्यातल्या," खिडकीतला बाबू म्हणाला. बापाचे जुने कागद आणायला मी किती हेलपाटे घातले ते माझं मला ठाऊक. ही एकाच देशातली गत. उद्या दोन देश झाले तर माहेरी जायला काय काय दाखवावं लागेल, असं नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "तुले राजकारण समजत नाही."

यंदा पोळा झाला आणि तीज आली. आमच्या माहेराकडे तिजेला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. उपासाच्या आदल्या संध्याकाळी आईच्या हातचा करूभात खायचा, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात. आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिनं भावाला बजावलं होतं, कारली मीच चिरणार, बहिणीला दिवसाउजेडी घेऊन ये. पुढच्या वर्षाचं कोणी बोलत नव्हतं.

भाऊ दुपारी यायचा होता. चार वाजले, तेव्हा फोन आला, "दीदी, रद्दा बंद हे." हायवेवर वेगळ्या विदर्भासाठी रास्ता रोको होता. आधी राज्य वेगळं, मग देश, असा नवऱ्याचा बेत, त्यामुळे पहिल्या रांगेत सतरंजीवर तोच.

पिशवी उचलून मी तिथे गेले. इतकी चिडले होते की चारचौघांची लाजही वाटली नाही.

"उठा. माया भाऊ तिकडं उभा आहे."

"आंदोलन आहे हे. दिल्लीले जाग आली पाहिजे."

"दिल्ली कधी येऊन राहिली या रस्त्यानं? इथून मी जातो. मायी माय वाट पाहून राहिली."

तो उठला नाही. शेजारचा म्हातारा तेवढा सरकला. चपला हातात घेऊन मी सतरंजी ओलांडली. पलीकडून भाऊ ओरडला, "जाथन भाटो!" म्हणजे, निघतो भाऊजी. यावर नवऱ्यानं हात हलवला, स्टेशनवर सोडायला आल्यासारखा! त्या क्षणी तो हात मोडावासा वाटला.

पोचलो तेव्हा घराघरांत दिवे लागले होते. आई उशीला टेकून बसली होती. कारली तिनंच चिरली होती, जाडबारीक, वेडीवाकडी. तिनं मला पहिला घास भरवला आणि उशीर का झाला म्हणून विचारलं. "रस्त्यात गर्दी होती," मी म्हणाले.

मग तिनं उशाजवळचा स्टीलचा डबा माझ्याकडे सरकवला. जावयाला कारलं आवडतं, म्हणून सगळ्यांच्या आधी त्याचं भरून ठेवलं होतं. मला रडू आलं, आणि नवऱ्यावरचा राग दुप्पट झाला.