हेल्मेट घातलेलं मूल्यशिक्षण

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी न विचारता सांगतो, बायको त्यावर डोळे फिरवते. ओमानमधल्या सोहारच्या भारतीय शाळेनं मूल्यशिक्षणाच्या पालक समितीवर मला घेतलं तेव्हाही मला वाटलं, पदवीचं चीज झालं. खरं कारण नंतर कळलं. समितीतले आम्ही तिघं सोडून त्या संध्याकाळी दुसरा कुठलाच बाप मोकळा नव्हता.

कामही तसं साधं होतं. मुसलमान मुलांना इस्लामचा तास असे. त्याला ठरलेलं पुस्तक, ठरलेले मास्तर, सगळं वरून आखून आलेलं. त्याच वेळी बाकीची मुलं शेजारच्या खोलीत मूल्यशिक्षणाला बसत आणि त्यांच्याकडे पुस्तकच नव्हतं. शिकवणाऱ्या मॅडम सांगलीकडच्या, एम.ए., बी.एड. त्या वर्षी शिक्षण खात्याकडून तपासणीला येणाऱ्या साहेबांनी आधीच कळवलं होतं की या तासाचा लेखी आराखडा दाखवा, नाहीतर तास बंद करा. तास बंद म्हणजे मॅडमची जागा बंद. त्यांच्या यजमानांचं बंदरावरचं काम नुकतंच सुटलं होतं आणि मुलगी नववीत होती. जागा गेली असती, तर ऐन दहावीच्या तोंडावर पोरीला उचलून गावी न्यावं लागलं असतं.

समितीत मी, केरळचे एक ख्रिस्ती अकाउंटंट आणि कापडाचं दुकान असलेले एक गुजराती शेठ. मॅडमनी सगळ्या धर्मांतल्या छान गोष्टी निवडून आणल्या होत्या. अकाउंटंटांनी त्या धर्मवार मोजल्या आणि ताळेबंद जुळत नाही म्हणाले. मग देव काढून प्राणी घेतले. माकड आणि मगरीच्या गोष्टीत काळीज खायची भाषा आहे, आमच्या घरी चालणार नाही, असं शेठ म्हणाले. हरवलेल्या मेंढराची गोष्ट अकाउंटंटांना फार आवडली, म्हणून शेठना तिचा संशय आला. शेवटी तहानलेला कावळा तेवढा उरला. त्यावर मीच म्हणालो, कावळा आमच्यात पिंडाला शिवतो, उगाच कुणाला तरी वाटायचं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कावळ्याचासुद्धा धर्म काढलात, सर. आता मी पोरांना काय, माठ शिकवू?"

मी थेट शिफ्टवरून आलो होतो. आमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात प्रत्येकाच्या खिशात सुरक्षा-नियमांचं कार्ड असतं. सुचेना म्हणून मी तेच वाचून दाखवलं. परवानगीशिवाय काम सुरू करू नका. चूक झाली तर लपवू नका, लगेच सांगा. सोबत्यावर लक्ष ठेवा. घाई करू नका. शेठनी दोनदा वाचून पाहिलं, खाण्यापिण्याचा उल्लेख कुठे नाही. अकाउंटंट म्हणाले, हे तर आमच्या चर्चमध्येही चालेल. भट्टीपुढे सगळे सारखेच भाजतात, असं मी जरा ऐटीत बोलून गेलो. आराखडा मंजूर झाला.

आणि तो चालला, हीच गंमत. कारखान्यात थोडक्यात टळलेला अपघातही चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा असतो. मॅडमनी वर्गात तशी पेटी ठेवली. मुलं लिहू लागली, 'आज खोटं बोलणार होतो, थोडक्यात टळलं.' एकानं लिहिलं, 'बहिणीला मारणार होतो, पण तिनंच आधी मारलं.'

साहेब आले. अंगात पायघोळ, पांढरी शुभ्र दिशदाशा, आवाज हळू. त्यांनी आराखडा वाचला, एका मुलीला उभं करून विचारलं की या तासाला काय शिकलीस. ती म्हणाली, दुसऱ्याच्या अंगावर काही पडणार असेल तर आधी ओरडायचं, मग पळायचं. साहेबांनी मान डोलावली. आमचा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांनी विचारलं, हे शिकवणाऱ्यांचं सुरक्षेचं प्रमाणपत्र कुठे आहे? एम.ए.चा कागद पुढे केला. तो उत्तम आहे म्हणाले, पण विषय सुरक्षेचा आहे. प्रमाणपत्र आणा, इन्शाल्ला, तोवर सही थांबते.

बाहेर पार्किंगमध्ये मॅडमनी मला थांबवलं. "तुमच्या भट्टीनं माझी नोकरी खाल्ली तर पोरीला काय सांगू?"

दुसऱ्याच दिवशी मी आमच्या सुरक्षा-प्रशिक्षकाला गाठलं. तामिळ माणूस, हिंदीत शिकवणारा. तो म्हणाला, बाईंना बसवतो, पण अर्जात कामाचा प्रकार भरावा लागेल. वेल्डर, ड्रायव्हर, कुक, हेल्पर. शिक्षक असा प्रकार यादीत नव्हता. एम.ए. झालेल्या बाईच्या नावापुढे हेल्पर लिहायला माझा हात धजेना. पदवी म्हणजे काय, हे ज्याच्या घरात पहिल्यांदा आली त्यालाच ठाऊक.

"लिहा हो," मॅडम म्हणाल्या. "कार्डावर हेल्पर लिहिल्यानं शिकलेलं पुसलं जात नाही. पोरीची दहावी होऊ दे."

पिवळं हेल्मेट घालून त्या कंत्राटी कामगारांत पहिल्या बाकावर बसल्या. मधल्या सुट्टीपर्यंत मागच्या रांगेतली कुजबुज त्यांनी नुसत्या नजरेनं बंद केली होती. शेवटी तोंडी परीक्षा. आग लागली तर प्रथम काय कराल?

"मुलं मोजीन."

"इथे मुलं नाहीत, मॅडम."

"मग हे मोजीन," म्हणत त्यांनी मागे वळून खरंच मोजायला सुरुवात केली. मोठमोठे वेल्डर हात वर करून उभे राहिले. प्रशिक्षकानं पास लिहून प्रमाणपत्राचं कार्ड हातात दिलं.

साहेबांनी ते कार्ड बराच वेळ पाहिलं. हेल्मेटमधला फोटो, खाली हेल्पर. साहेबांनी विचारलं, शिक्षिका की हेल्पर?

"पाचवीच्या वर्गात दोन्ही," मॅडम म्हणाल्या.

ते पहिल्यांदाच हसले. 'खलास', म्हणजे अरबीत झालं, असं म्हणत सही केली, आणि खाली एक ओळ लिहिली. कार्डाची मुदत वर्षाची आहे, दर वर्षी नवं जोडावं.

म्हणून पोरगी दहावी झाली, पुढे बारावी झाली, तोवर मॅडम दर वर्षी एक दिवस आमच्या कारखान्यात हेल्पर म्हणून येत राहिल्या. प्रशिक्षक त्या दिवसाची हजेरी त्यांनाच घ्यायला लावी. उशिरा येणाऱ्याला त्या दाराशीच उभं करत, आणि भले भले फोरमन आत येण्याआधी विचारत, "मे आय कम इन, मॅडम?"