ताईचं इंग्लंड

आधीच सांगून टाकते, या सदरातले गूढ अनुभव मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचले. कुणी ग्रुपवर असलं काही फॉरवर्ड केलं की खिल्ली उडवणारी पहिली मीच. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, सिंगापुरात आंग मो किओला ऑफिस. आमच्याकडे साधा नियम असतो, जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते झालंच नाही. माझी पंचाईत अशी की हे पुन्हा पुन्हा झालं... आणि त्यात मी काही फार चांगली दिसत नाही. तरी लिहिते. नवऱ्याला सांगून झालं, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वैशाली, तू सुट्टी घे."

आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. बाबा डॉक्टर होते, तरुणपणी चार वर्षं इंग्लंडमध्ये नोकरीला होते. हॉस्पिटल गावात आणि घर जवळच्या एका खेड्यात, यॉर्कशरमध्ये. दगडी घरांची एक रांग, एक चर्च आणि मेंढ्या. ताई तेव्हा तीन ते सात वर्षांची. मग सगळे पुण्याला परत आले आणि दोन वर्षांनी मी झाले.

म्हणजे मी सगळं संपल्यावर आले. आमच्या घरात "इंग्लंडला असताना" अशी सुरुवात झाली की मी पाहुणी. अल्बममध्ये ताईचा लाल कोट, ताई बर्फात, ताई मेंढीजवळ. माझा पहिला फोटो बारशाचा, त्यातही अर्धा चेहरा आत्याच्या कोपराने झाकलेला!

पण खरं दुखणं कोटाचं नव्हतं. दुखणं आईचं होतं. त्या फोटोंतली आई साडीवर ओव्हरकोट घालून खदखदून हसतेय. मी पाहिलेली आई अकरा माणसांचा स्वयंपाक उरकून भिंतीला टेकून बसायची. प्रेमळ होती, नाही असं नाही, पण हसणं म्हणजे ओठ जरा हलायचे. ती हसणारी आई ताईला मिळाली, मला नाही. यावरून मी आयुष्यभर ताईवर जळलेय. स्पष्टच लिहिते, जळलेय.

आता आई-बाबा दोघंही नाहीत. आम्ही दोघी योगायोगाने सिंगापुरातच. ताई बँकेत मोठ्या हुद्द्यावर, ईस्ट कोस्टला कॉन्डो, बाल्कनीतून समुद्र. मी बुकित पंजांगला अकराव्या मजल्यावर, बाल्कनी नाही, खिडकीतून समोरच्या ब्लॉकचे वाळत घातलेले कपडे दिसतात. रविवारी दुपारी जेवायला ताईकडे जायचं हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

मागच्या वर्षी ताईने ठरवलं की त्या खेड्यात जायचं, घर शोधायचं. लेकीला, म्हणजे आमच्या रियाला, सगळं दाखवायचं. त्यासाठी एका जाड वहीत आठवतील तेवढ्या आठवणी लिहून काढायला घेतल्या. मी म्हटलं, "मीही येऊ का गं?"

ताई हसली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, ते मला ठाऊक आहे. "तू? तुझं काय आहे गं तिथे? तुझा तर जन्मही नव्हता."

मी भाताचा घास तसाच गिळला. मग ती तिची नेहमीची पुरणपोळीची गोष्ट सांगायला लागली. त्या खेड्यात हरभऱ्याची डाळ मिळेना म्हणून आईने पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं पुरण घातलं. शेजारची म्हातारी चव बघायला आली आणि तिने पोळीवर मिरपूड भुरभुरली. आई इतकी हसली की पदर तोंडात कोंबून खाली फरशीवरच बसली. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीये. त्या दिवशी ऐकताना मात्र मनात अगदी शब्द उमटले, हिच्याकडचं मला मिळू दे... एक तरी!

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला एलआरटीत, आमच्या भागातल्या छोट्या मेट्रोत, उभी होते. गर्दी, एसी, कुणाच्या तरी पिशवीतल्या करी पफचा वास. आणि एकदम ओल्या लोकरीचा वास आला. माझा हात एका मोठ्या हातात होता, मधे जाड विणलेला हातमोजा, अंगठ्याला भोक पडलेला. वर पाहिलं तर आई. आई सांगत होती, "पाय आपटत चाल म्हणजे गार नाही वाटणार." आणि स्वतःच पाय आपटत चालायला लागली.

हे स्वप्न नव्हतं. तुम्हाला तुमचा शाळेचा रस्ता आठवतो ना, तसं ते आठवलं. डोळे पुसत पुसत मी दोन स्टेशनं पुढे गेले आणि परत मागे आले.

पुढच्या रविवारी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, तुझ्या हातमोज्याला अंगठ्याला भोक होतं ना?"

"कुठले हातमोजे?"

रिया वही चाळत होती. तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आई, तूच लिहिलंस लाह! पेज फोर. पाय आपटत चालायचं, भोकवाले ग्लव्हज..."

ताईने वही ओढून घेतली. दोनदा वाचलं. "अक्षर माझंच आहे," ती म्हणाली, "पण हे कधी झालं?"

इथेच मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. टेस्टिंगवाली बाई ना मी, म्हटलं, पुन्हा करून बघू. ताई काही सांगायला लागली की मी मनातल्या मनात मागायचे. मग आठवड्याभरात, कधी लिफ्टमध्ये, कधी ऑफिसच्या पँट्रीत चहा ढवळताना, ते माझ्याकडे यायचं. मेंढीच्या नाकाचा ओलसर स्पर्श. कोळशाच्या राखेचा वास. आईच्या मांडीवर झोपून छतावरचा ओलाव्याचा डाग बघणं. आणि पुढच्या रविवारी ताईकडे ते नसायचं. वाईट वाटायचं, हो. पण त्याहून जास्त आनंद व्हायचा. सेहेचाळिसाव्या वर्षी मला आई नव्याने मिळत होती, मी काय नको म्हणू?

एप्रिलपर्यंत ताई घाबरली. डॉक्टर झाले, स्कॅन झाले, काही निघालं नाही. पुण्याची शाळा, बँकेतले पासवर्ड, सगळ्यांचे वाढदिवस, सगळं तिला बिनचूक आठवत होतं. फक्त ती चार वर्षं गळत होती. एका रविवारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "वैशू, आई काढायची तशी माझी दृष्ट काढ ना. हसू नकोस. हे कुणाची तरी नजर लागल्यासारखं वाटतंय."

मी मीठ, मोहऱ्या आणि सात सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या. रियाने धुराचा अलार्म वाजू नये म्हणून खिडक्या उघडल्या आणि इंडक्शनवर तवा तापत ठेवला. ताई पाटाऐवजी सोफ्यावर पूर्वेकडे तोंड करून बसली, डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून. मी ओवाळायला लागले. आई म्हणायची तेच शब्द... आल्यागेल्याची, वाटेवरची, शेजारपाजारची... आणि शेवटी आई न चुकता म्हणायची, "घरच्यादारची."

ते मी म्हटलं नाही.

तोंडापर्यंत आलं होतं. म्हटलं असतं आणि सगळं परत गेलं असतं तर? तो एक शब्द मी गिळला आणि मुठीतलं तव्यावर टाकलं. मिरच्या कोळसा झाल्या, मीठ तडतडलं, पण कुणालाही ठसका लागला नाही. रिया म्हणाली, "मावशी, नो स्मेल ॲट ऑल!" ताई म्हणाली, "बघ, लागलीच होती. आता उतरेल." तिने माझा हात धरून ठेवला होता. सोडवून घेताना मला तिच्याकडे बघवेना.

त्याच संध्याकाळी परतताना, मेट्रोत बसल्या बसल्या, मला पुरणपोळीची आठवण आली. सगळीच्या सगळी. मिरपुडीची शिंक, गार फरशी आणि माझ्या गालाला लागलेलं आईचं हसणारं पोट. समोरच्या चिनी आजींनी न बोलता मला टिश्यूचं पाकीट दिलं, इतकी मी रडत होते.

जूनमध्ये मायलेकी इंग्लंडला गेल्या. तिकिटं काढलेलीच होती आणि ताईला वाटत होतं, जागा पाहिली की आठवेल. एका संध्याकाळी मी आमच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सपाशी, चहा घेत असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. मागे ती दगडी घरांची रांग. ताईचा चेहरा पडलेला.

"सगळी घरं सारखीच गं. काहीच कळत नाही. घराचा नंबर कुठे लिहिलेला नाही, आणि मी मूर्खासारखी रस्त्यात उभी आहे. रियाला काय दाखवू मी?"

मी गप्प राहू शकत होते. पण मला ते घर पाहायचं होतं. मी म्हटलं, "चर्चकडे पाठ कर. आता उजवीकडे. चार पायऱ्या दिसतील, वरची एका कोपऱ्यात फुटलीये. तिथून मागच्या अंगणात बोळ जातो."

रियाने फोन घेतला. चार पायऱ्या. वरचीचा कोपरा नाही.

"मागे जा," मी म्हटलं. "भिंतीत कपड्यांच्या दोरीसाठी दोन लोखंडी कड्या आहेत. एक उंच, आणि तिच्या खाली हातभर दुसरी. आईचा हात वर पोचायचा नाही म्हणून बाबांनी खालची ठोकली होती."

बोळातून कॅमेरा हलत गेला. भिंत दिसली. दोन कड्या, दोन्ही गंजलेल्या.

नवरा म्हणतो, लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी, डोक्यात चित्र तयार झालं. मान्य! पण कड्यांचं मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. नंतर मी ताईची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, त्यातही नाही. फोटोतही नाही. ताईने रियाकडून फोन परत घेतला. म्हणाली, "तू तर नव्हतीस ना गं?"

परत आल्यावर तिने कधी जाब विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. रविवारी जेवणं उरकली की ती माझ्या शेजारी येऊन बसते आणि म्हणते, "वैशू, सांग ना." मी सांगते. बर्फाचं सांगते, मेंढीचं सांगते. आई कशी हसायची ते सांगते. एकदा ती म्हणाली, "तुझं नशीब बाई. तुला अशी आई मिळाली." आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं... ते पाहणं मला नवं नव्हतं, मी आयुष्यभर तिच्याकडे तसंच पाहिलं होतं.

हे का झालं, कसं झालं, मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असेल आणि याला काही नाव असेल, तर मी ते आनंदाने ऐकेन. पण गेल्या रविवारचं सांगितल्याशिवाय संपवता येत नाही.

पुरणपोळीची गोष्ट सांगत होते. म्हातारी आली, मिरपूड टाकली, आई खाली बसली, तिच्या हातात... आणि अडले. आईच्या हातात काहीतरी होतं, हसताना तिने ते छातीशी धरलं होतं. काय होतं ते, एवढंच निघून गेलं होतं. मी आठवायचा प्रयत्न करत होते.

"दुधाची बाटली," ताई म्हणाली. "लाटणं नव्हतं ना तिथे. बाटलीनेच लाटायची."

तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. माझ्या सख्ख्या बहिणीला तिचं काहीतरी परत मिळालं होतं, मला आनंद व्हायला हवा होता. खरं लिहिते, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, ते माझं आहे, दे इकडे.