मनात काही नसताना

सलीमचा फोन आला तेव्हा मी इथे ओमानमध्ये, आमच्या कुरुमच्या ऑफिसखाली गाडी लावत होते. ‘सिस्टर, वसंत खलास,’ एवढंच म्हणाला. माणूस गेला तर असं कुणी बोलतं का, म्हणून क्षणभर माझं डोकंच फिरलं; मग पलीकडून त्याचे हुंदके ऐकू आले... महिना झाला. वसंता झोपेतच गेला, आणि मला अजून त्याच्याशी भांडायचं आहे.

वसंता आमच्याकडे ड्राफ्ट्समन, मूळचा डोंबिवलीचा, आवाज खणखणीत. सलीम आमचा पीआरओ, कंपनीची सरकारी कामं बघणारा ओमानी. घराणं झांझिबारहून आलेलं, रंग काळा. दोघं कितीतरी वर्षं एकाच खोलीत बसले, आणि वसंता त्याला रोज हाक मारायचा, ‘ए कालू!’ सलीमला हिंदी चांगलं कळतं. तो हसायचा. मी टोकलं की वसंता मलाच ऐकवायचा, ‘बाई, तुम्हाला नाही कळायचं. जीव आहे माझा त्याच्यावर.’ होताच हो! सलीमची बायपास झाली तेव्हा घरच्यांच्या बरोबरीने उशाशी बसून होता तो.

मागच्या ईदला आम्ही सलीमच्या घरी गेलो, बौशरला. वसंताने दारातूनच हाक ठोकली... तीच. सलीमची कॉलेजात जाणारी मुलगी, आमना, हिंदी सिनेमे बघत वाढलेली. कॉफीची किटली हातात घेऊन ती शांतपणे म्हणाली, ‘अंकल, माझ्या बाबांना नाव आहे.’ वसंता गडबडला. ‘अगं, माझ्या मनात तसं काही नसतं! विचार त्याला.’ सलीम खाली बघत म्हणाला, ‘तेच तर. तुझ्या मनात काही असतं तर मी भांडलो असतो. नव्हतं, म्हणून कधी बोलताच आलं नाही.’

परतताना वसंता गाडीत रडला. ‘बाई, इतकी वर्षं हसत होता हो तो!’ दोन दिवसांनी मला घेऊन परत गेला आणि बापलेकीसमोर म्हणाला, ‘चुकलं माझं.’ पुढे ‘पण’ नाही. जिवाचा, मनाचा, हॉस्पिटलचा, कशाचाच दाखला नाही. सलीमने त्याला जवळ घेतलं. आमना म्हणाली, ‘मला अजून राग आहे, अंकल.’ ‘असू दे,’ वसंता म्हणाला. तो राग गेला की नाही, हे त्याला कळलंच नाही.

ऑफिसात भेटायला येणारे म्हणतात, मनाने किती चांगला होता! खरंय. आणि त्या चांगुलपणापायी सलीमला गप्प बसावं लागलं, हेही खरंय. मला हे दोन्ही एकदम सोसत नाही, मग रडूच येतं.

त्या ईदनंतर वसंताच्या तोंडून ‘सलीम’ काही निघेना. परकं वाटतं म्हणायचा. मग काम असलं की मुकाट्याने उठायचा, सलीमच्या मागे जायचा आणि खांद्यावर हात ठेवायचा. काल फाइल घ्यायला वाकले, तर माझा हात चुकून सलीमच्या खांद्याला लागला. कॉम्प्युटरवरची नजर न काढता तो म्हणाला, ‘बोल, वसंत.’